ठाण्यात झटकन उघडणारी साइट टोरांटोत का अडकत होती

संस्था ठाण्यातली, नौपाड्यातली. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांच्या मराठी शाळांना ती अभ्याससाहित्य पुरवते: धड्यांची पानं, वाचनाची ध्वनिमुद्रणं, चित्रं, आठवड्याचा गृहपाठ. शिकणारी मुलं टोरांटो, न्यू जर्सी, लंडन, दुबई अशी विखुरलेली आणि सर्व्हर मात्र इथेच, महापे एमआयडीसीतल्या एका डेटा सेंटरमध्ये भाड्याच्या रॅकवर. कळव्याचा पूल ओलांडून विटाव्याहून ठाणे-बेलापूर रोड धरला की घरचा माणूस तिथे पोचू शकतो, डिस्क बिघडली तर हातात घेऊन बदलू शकतो. लहान संस्थेला याचा मोठा आधार असतो. त्यामुळे सर्व्हर जवळ ठेवण्याचा निर्णय मला तेव्हाही चुकीचा वाटला नाही, आजही वाटत नाही.

तक्रार एका ओळीची होती: साइट चालत नाही. ती यायची रविवारी संध्याकाळी, म्हणजे टोरांटोत आणि न्यू जर्सीत रविवारची सकाळ असते आणि शाळा भरलेली असते तेव्हा. संस्थेच्या बाई लगेच ऑफिसातल्या संगणकावर साइट उघडून बघायच्या. ती क्षणात उघडायची. होस्टिंग कंपनीला फोन केला की उत्तर ठरलेलं, ‘मॅडम, आमच्याकडून सगळं ग्रीन आहे.’ दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. सर्व्हरवर ताण नव्हता, प्रोसेसर जवळजवळ रिकामा, मेमरी मुबलक, लिंक दहा टक्केही भरलेली नाही. तरी कुणाच्या तरी सल्ल्याने बँडविड्थचा वरचा प्लॅन घेऊन झाला होता. फरक शून्य. पुढचा सल्ला होता, सगळं उचलून अमेरिकेत न्या.

प्रकरण आमच्याकडे आलं तेव्हा बाई म्हणाल्या, ‘अहो, तिकडच्या शिक्षिका दर रविवारी मला विचारतात आणि मला त्यांना सांगायला काही नसतं. मुलं कंटाळून उठून जातात.’ त्या मुलांची मराठीशी शाळेतली गाठ आठवड्यातून एकदाच पडते. त्यातला अर्धा वेळ पांढऱ्या पडद्याकडे बघण्यात गेला तर पुढच्या रविवारी ते मूल यायला तयार होत नाही. इथे मिलिसेकंदांना खरोखर किंमत होती.

आधी तक्रारी वेगळ्या केल्या

‘चालत नाही’ यावर काम करता येत नाही. म्हणून शिक्षिकांच्या व्हॉट्सॲप गटात साधे प्रश्न टाकले. पडद्यावर नेमकं काय दिसतं? पान सावकाश येतं की येतच नाही? घरचं वायफाय बंद करून मोबाईल डेटावर तेच करून पाहिलंत तर? इंटरनेट कुणाचं? तुमच्या घरचा बाहेरून दिसणारा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, कोणता? (तो कुठे बघायचा, हे स्क्रीनशॉट काढून दाखवलं.) उत्तरं भराभर आली, कारण इतके दिवस त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं.

उत्तरांचे सरळ दोन गठ्ठे पडले. पहिल्या गठ्ठ्यात जवळजवळ सगळेच होते: पान येतं, पण फार वेळ लागतो, चित्रं एकेक करून उतरतात, ऑडिओ थांबत थांबत वाजतो. दुसरा गठ्ठा लहान: पांढरं पान, नुसतं गोल फिरत राहतं, शेवटी एरर. हे लोक टोरांटो आणि न्यू जर्सीतल्या ठरावीक कंपन्यांच्या घरगुती इंटरनेटवरचे होते. त्याच गल्लीत दुसऱ्या कंपनीचं कनेक्शन असलेल्या घरात पान सावकाश का होईना, पण उघडत होतं. टोरांटोजवळच्या मिसिसागाच्या एका ताईंनी लिहिलं होतं, ‘दादा, वायफायवर अजिबात नाही, पण मोबाईल डेटावर येतं. म्हणून मी नवा राउटर आणला, तरी तेच.’

या एका ओळीवर मी बराच वेळ थांबलो. हळू चालणं आणि अडकणं हे एकाच दुखण्याचे कमी-जास्त प्रकार नाहीत. अंतरामुळे पान हळू येईल, पण कधी ना कधी येईल. ज्याच्याकडे ते कधीच येत नाही, त्याच्या वाटेत काहीतरी मोडलेलं आहे. दोन्ही तक्रारी एकाच फाइलीत ठेवल्या की माणूस हळूपणावर उपाय करत बसतो आणि अडकलेला तसाच अडकून राहतो.

अडकणाऱ्यांचं काय होत होतं

टोरांटोत एका क्लाउड कंपनीचा तासावर मिळणारा छोटा सर्व्हर घेतला आणि तिथून साइट उघडून पाहिली. हळू, पण उघडली. एकदाही अडकली नाही. केवळ त्याच्यावर विसंबलो असतो तर ‘टोरांटोतून साइट चालते’ असा अहवाल निघाला असता, आणि ताईंना तिसरा राउटर घ्यावा लागला असता. महापेतून निघालेलं पॅकेट (इंटरनेटवर माहिती अशा छोट्या पुडक्यांतून जाते) त्या क्लाउड कंपनीकडे एका वाटेने जातं आणि ताईंच्या घरी दुसऱ्या वाटेने. शहर एक असलं तरी रस्ता एक नसतो. तक्रार करणाऱ्याच्या खऱ्या घरातून तपासणं याला पर्याय नाही.

म्हणून ताईंना फोन लावला, तो चालूच ठेवला, आणि सर्व्हरवर त्यांच्या आयपीपुरतं टीसीपीडंप, म्हणजे येणारं-जाणारं प्रत्येक पॅकेट दाखवणारं साधन, सुरू केलं. ‘ताई, आता उघडा.’ पहिल्या तीन ओळी लगेच आल्या: त्यांच्याकडून सिन (‘बोलू का?’), आपल्याकडून सिन-ॲक (‘हो, बोला’), त्यांच्याकडून ॲक (‘ठीक’). जोडणी झाली होती. पाठोपाठ त्यांच्या ब्राउझरचा क्लायंट हॅलो, म्हणजे सुरक्षित जोडणीची पहिली विचारणा, आला, ५१७ बाइटचा. सर्व्हरने उत्तरादाखल आपलं सर्टिफिकेट, म्हणजे ओळखपत्र, पाठवलं. ते देणाऱ्या संस्थेचं मधलं सर्टिफिकेट धरून ते साडेतीन हजार बाइटच्या घरात जातं, म्हणून त्याचे तीन तुकडे झाले: १,४४८ बाइटचे दोन आणि उरलेला सहाशेच्या आसपासचा. मग ताईंकडून जी पोच आली तिच्यात सारं प्रकरण होतं. तिच्यातल्या सॅकच्या, म्हणजे कोणते तुकडे पोचले ते सांगणाऱ्या, रकान्यानुसार शेवटचा छोटा तुकडा मिळाला होता आणि आधीचे दोन मोठे मिळाले नव्हते. सर्व्हरने पहिला मोठा तुकडा पुन्हा पाठवला. पोच नाही. दुप्पट वेळ थांबून पुन्हा पाठवला. पोच नाही. थांबण्याचा वेळ दर खेपेला दुप्पट होत गेला, आणि तिकडे ताई म्हणत होत्या, ‘अजून गोलच फिरतंय.’

(हे स्वतः करून बघणाऱ्यांसाठी: नेटवर्क कार्डावर टीएसओ चालू असेल तर सर्व्हरवरच्या टीसीपीडंपमध्ये दोन मोठ्या तुकड्यांऐवजी २,८९६ बाइटचा एकच तुकडा दिसतो, कारण तुकडे करण्याचं काम पुढे कार्ड करतं. तारेवर नेमकं काय जातं ते बघायचं असेल तर इथटूलने टीएसओ आणि जीएसओ तेवढ्यापुरतं बंद करा.)

गर्दीत पॅकेटं हरवतात, पण गर्दी लहानमोठं बघत नाही. इथे दर वेळी मोठंच हरवत होतं आणि लहान बिनबोभाट पोचत होतं. १,४४८ बाइटच्या मजकुराला वरच्या नोंदींचे बाइट, म्हणजे टीसीपीचे (तुकडे क्रमाने पाठवून पोच घेणारी पद्धत) २०, टाइमस्टॅम्पचे १२ आणि पत्त्यासाठी आयपीचे २०, जोडले की बरोबर १,५०० होतात, म्हणजे इथरनेटची, नेहमीच्या नेटवर्क तारेची, कमाल मर्यादा. वाटेत कुठेतरी मर्यादा १,५०० पेक्षा कमी होती.

पुलाच्या तोंडाशी उंच गाड्या अडवायला लोखंडी कमान असते, तसा हा प्रकार. कमानीपाशी अडलेल्या ट्रकवाल्याने मालकाला ‘उंची कमी करून पाठवा’ असा निरोप दिला तर पुढचा ट्रक नीट जाईल. इंटरनेटवर हा निरोप देण्याची सोय आरएफसी ११९१ या १९९० च्या दस्तऐवजापासून आहे (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या पद्धती लिहून ठेवणारे क्रमांकित दस्तऐवज). लिनक्स (सर्व्हरची कार्यप्रणाली) टीसीपीची पॅकेटं ‘तुकडे करू नका’ अशी खूण करून पाठवतो. मधल्या राउटरला पॅकेट पुढे ढकलता आलं नाही तर तो आयसीएमपीचा (नेटवर्कमधले अडचणींचे निरोप देण्याची पद्धत) प्रकार ३, कोड ४ हा संदेश उलट पाठवतो आणि त्यात आपली मर्यादा लिहितो. सर्व्हर तो वाचून तुकडे लहान करतो. हा संदेशच कुणी वाटेत मारला, तर सर्व्हर तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. या दुखण्याला ‘ब्लॅक होल’ म्हणतात आणि २००० सालच्या आरएफसी २९२३ मध्ये त्याचं व्यवस्थित वर्णन आहे. म्हणजे दुखणं नवं नाही.

ताईंचा मोबाईल डेटा का चालत होता, तेही आता उलगडलं. जोडणी करताना दोन्ही टोकं आपापला एमएसएस, म्हणजे आपण घेऊ शकतो तो सर्वांत मोठा तुकडा, जाहीर करतात. मोबाईल नेटवर्कच्या पोटात स्वतःचं टनेल (पॅकेटावर आणखी एक आवरण चढवून नेणारी वाट) असतं, त्यामुळे पुष्कळ कंपन्या तो आकडा आधीच उतरवून ठेवतात. ताईंच्या घरच्या सिनमध्ये १,४६० होता, मोबाईलच्या सिनमध्ये त्याहून बराच कमी. सर्व्हर मोबाईलला आपसूकच लहान तुकडे पाठवत होता. नवा राउटर घेऊन काही उपयोग होणार नव्हता.

अंदाज पक्का करायला एक छोटा प्रयोग पुरला. सर्व्हरवर फक्त ताईंच्या आयपीसाठी वेगळा रूट (वाट) टाकला आणि त्याचा एमटीयू, म्हणजे पॅकेटाची कमाल मर्यादा, १,४०० ठेवला. बाकी जगासाठी काहीच बदललं नाही. ‘ताई, परत करून बघा.’ दोन सेकंद शांतता, मग, ‘अहो, आलं की!’ मागून मुलीचा आवाज ऐकू आला. ती धड्याचं नाव वाचत होती.

डेटा सेंटरशी बोलणं

पुरावा हातात घेऊन डेटा सेंटरच्या नेटवर्क विभागाशी बोललो. चित्र असं निघालं: आधी कधीतरी त्यांच्या दुसऱ्या एका ग्राहकावर मोठा हल्ला झाला होता, तेव्हापासून काही परदेशी मार्गांवरचा ट्रॅफिक जाताना-येताना संरक्षण देणाऱ्या कंपनीच्या जीआरई टनेलमधून जात होता. जीआरई प्रत्येक पॅकेटवर २४ बाइटचं आवरण चढवतो, म्हणजे आत १,४७६ च उरतात. यात चूक काही नाही, जगभर असंच करतात. त्यांचा सीमेवरचा राउटर ‘१,४७६ पेक्षा मोठं नको’ असा निरोप इमानेइतबारे पाठवतही होता. पण राउटर आणि आमचा रॅक यांच्यामध्ये त्यांचीच फायरवॉल होती आणि तिच्यावर आयसीएमपी सरसकट बंद होता.

‘सर, सिक्युरिटी पॉलिसी आहे. आयसीएमपी ब्लॉकच ठेवायचा.’ हे उत्तर महाराष्ट्रभर, देशभर ऐकायला मिळतं, आणि त्यामागे वाईट हेतू नसतो. पिंगचा, म्हणजे ‘आहेस का?’ असं विचारणाऱ्या छोट्या पॅकेटांचा, पूर आणून सर्व्हर बुडवण्याचे प्रकार पूर्वी घडले, तेव्हा कुणीतरी सगळा आयसीएमपी बंद करून टाकला आणि तो नियम एका फायरवॉलवरून दुसरीवर नकल होत राहिला. पण पिंग ही आयसीएमपीची एक बाजू झाली. ‘पॅकेट मोठं आहे’ हा संदेश नेटवर्कच्या रोजच्या कारभाराचा भाग आहे. तो बंद ठेवून सुरक्षितता वाढत नाही, फक्त काही लोकांसाठी साइट बंद होते, आणि तेही कुठल्याच आलेखात न दिसता. आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीवर तर मधला राउटर पॅकेटाचे तुकडे कधीच करत नाही, त्यामुळे तिथे हा संदेश मारणं आणखी महागात पडतं.

वाद घातला नाही. त्या इंजिनिअरला आमचं टीसीपीडंप दिलं आणि विनंती केली, की तुमच्या राउटरच्या बाजूला त्याच वेळेचं एक घ्या. त्याच्या बाजूला निरोप निघताना दिसला, आमच्या बाजूला पोचलेला दिसला नाही. मुलगा हुशार होता. दोन्ही फाइली शेजारी ठेवल्यावर पुढचं त्यानेच सांगितलं: प्रकार ३ कोड ४ फायरवॉलमधून सोडायचा, आणि टनेलवर एमएसएस १,४३६ ला क्लॅम्प करायचा (त्याहून वर जाऊ द्यायचा नाही), म्हणजे जोडणीच्या वेळीच आकडा उतरेल. मी दोन्ही करायला सांगितलं, कारण क्लॅम्प फक्त टीसीपीला वाचवतो. टीसीपीऐवजी यूडीपी या दुसऱ्या पद्धतीवरून जाणाऱ्या क्विकला (ब्राउझरांची नवी जोडणी) त्याचा उपयोग नाही.

त्यांच्या मंजुरीला वेळ लागणार होता. तोवर आम्ही सर्व्हरच्या डीफॉल्ट रूटचा एमटीयू १,४७६ केला. पॅकेटांची संख्या किंचित वाढते, कुणाला जाणवतही नाही. लिनक्सला ब्लॅक होल स्वतः ओळखायला लावणारं टीसीपी एमटीयू प्रोबिंगही १ वर ठेवलं, पण मुख्य भिस्त त्याच्यावर ठेवली नाही. काही वेळा पॅकेट हरवल्यावरच ते जागं होतं, म्हणजे वाचणाऱ्याला तेवढे सेकंद थांबावं लागतंच. जाळी म्हणून ते बरं, आणि तसंच कायम ठेवलं आहे.

आता हळूपणाकडे

मुंबईपासून टोरांटो सरळ रेषेत सुमारे साडेबारा हजार किलोमीटर आहे. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे केबल सरळ असती तरी जाऊन-येऊन १२५ मिलिसेकंद लागलेच असते, आणि यात कुणाचीही हुशारी चालत नाही. प्रत्यक्षात केबल तांबड्या समुद्रातून, इजिप्तवरून, भूमध्य समुद्रातून आणि मग अटलांटिकखालून जाते, नाहीतर पूर्वेकडून पॅसिफिक ओलांडते. आम्हाला एक फेरी सुमारे २२० मिलिसेकंदांची मिळत होती. वाटेत केबल तुटली तर आणखी वाढते: जानेवारी २००८ मध्ये अलेक्झांड्रियाजवळ, फेब्रुवारी २०२४ मध्ये तांबड्या समुद्रात, सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ अशा तुटण्यांचे परिणाम लांबपर्यंत गेले होते. वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसातून महापेची फेरी मात्र आठेक मिलिसेकंदांत होते.

फेरीचा वेळ आपल्या हातात नाही, पण फेऱ्या किती मारायच्या ते आहे. म्हणून टोरांटोतल्या भाड्याच्या सर्व्हरवर कर्ल (आदेश देऊन पान मागवणारं साधन) चालवून टप्प्याटप्प्याचा वेळ काढला आणि पहिला बाइट येईपर्यंतच्या फेऱ्या मोजल्या. शाळांकडे असलेला पत्ता जुना, असुरक्षित एचटीटीपीचा. तिथे जोडणीची एक फेरी, मागणीची एक. उत्तर: सुरक्षित पत्त्यावर जा. तिथे नवी जोडणी एक, टीएलएस १.२ च्या (सुरक्षित जोडणी ठरवण्याची बोलणी) दोन, मागणीची एक. उत्तर: डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून या. यजमाननाव बदललं म्हणून पुन्हा नवी जोडणी, पुन्हा त्याच चार. उत्तर: मराठी विभागात जा. आणखी एक. एकूण अकरा. २२० ने गुणलं तर जवळजवळ अडीच सेकंद, आणि अजून धड्यातलं एक अक्षर आलेलं नाही. आठ मिलिसेकंदांनी गुणलं तर ८८, म्हणजे डोळ्याची पापणी लवते न लवते तोच. ठाण्यात बसून ही साखळी कुणाला दिसणार?

ती एका उडीवर आणली: कुठूनही आलात तरी थेट अंतिम पत्त्यावर. शाळांना नवा पत्ता पाठवला, एचएसटीएस लावलं म्हणजे ब्राउझर पुढच्या वेळी एचटीटीपीकडे जातच नाही, आणि टीएलएस १.३ चालू केलं. २०१८ मध्ये प्रमाणित झालेल्या या आवृत्तीत हँडशेकला, म्हणजे त्या बोलणीला, एकच फेरी लागते. अकराच्या तीन झाल्या.

पुढचा शोध मला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण मराठीत साइट चालवणाऱ्या पुष्कळांकडे तो लपलेला असणार. धड्याचा मजकूर जेसन या माहिती पाठवण्याच्या स्वरूपात येत होता. पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेचं जेसन-एन्कोड, वेगळं सांगितलं नाही तर, देवनागरी अक्षर जसंच्या तसं लिहीत नाही. ‘क’ साठी बॅकस्लॅश, यू आणि ०९१५ अशी सहा चिन्हं लिहितं. यूटीएफ-८ या नेहमीच्या अक्षरसंकेतात तोच ‘क’ तीन बाइटांत बसतो. ‘मराठी’ या शब्दात काना-वेलांटी धरून पाच चिन्हं आहेत. त्याचे १५ ऐवजी ३० बाइट होत होते. वर हे जेसन कॉम्प्रेसही होत नव्हतं, कारण एनजिनएक्स या वेबसर्व्हरमध्ये जीझिप (मजकूर दाबून लहान करण्याची सोय) नुसतं चालू केलं तर ते एचटीएमएललाच लागू होतं, बाकीचे प्रकार यादीत लिहावे लागतात. इथे ते कुणी लिहिलेच नव्हते.

एक मोठा धडा २०० केबीच्या आसपास जात होता. सर्व्हर सुरुवातीला दहा पॅकेटं पाठवतो (२०१३ च्या आरएफसी ६९२८ नुसार), म्हणजे साधारण १४ केबी. पोच आली की दुप्पट, मग त्याच्या दुप्पट. २०० केबी संपवायला अशा निदान चार खेपा लागतात, आणि पहिली खेप पोचल्यावर आणखी निदान तीन फेऱ्या. अक्षरं जशीच्या तशी पाठवण्याची खूण जेसन-एन्कोडला दिली (ती पीएचपी ५.४ पासून उपलब्ध आहे) आणि जीझिपच्या यादीत जेसन, सीएसएस, जावास्क्रिप्ट टाकलं. देवनागरी मजकूर जीझिपला फार मानवतो, कारण प्रत्येक अक्षराचे पहिले दोन बाइट जवळपास तेच ते असतात. तोच धडा दोन खेपांत मावायला लागला.

किप-अलाइव्ह, म्हणजे तीच जोडणी पुन्हा वापरण्याची सोय, बंद होता. कुणीतरी मेमरी वाचवायला कधीकाळी वेळ शून्य करून ठेवला असावा. त्यामुळे प्रत्येक चित्रासाठी नवी जोडणी, नवा हँडशेक. चित्रं एकेक करून उतरतात म्हणजे काय, ते हेच. तो चालू केला, एकाच जोडणीवर अनेक मागण्या एकदम नेणारं एचटीटीपी/२ लावलं, प्रश्न मिटला. फॉन्टचं काम थोडं जपून करावं लागलं. फॉन्टच्या पूर्ण टीटीएफ फाइलीऐवजी दाबून लहान केलेलं डब्ल्यूओएफएफ२ स्वरूप घेतलं आणि नको ती चिन्हं काढली, पण देवनागरी फॉन्ट बेताल छाटला तर जोडाक्षरं तुटतात. बाईंना ‘क्ष, ज्ञ, श्र, त्र, द्ध, ट्ट’ आणि ‘वाऱ्यावर, दऱ्या’ असे शब्द असलेलं पान करून दाखवलं. त्यांनी ते शब्द मोठ्याने वाचत तपासलं आणि मगच फॉन्ट बदलला.

ऑडिओचं कारण वेगळंच निघालं. ‘सर्व्हर वेगवान करा’ अशा एखाद्या जुन्या कृतीतून उचललेल्या ओळी सिस्टिमच्या सेटिंगमध्ये होत्या आणि त्यांत टीसीपीचा पाठवण्याचा बफर (तात्पुरती साठवण) ६४ केबीला बांधून टाकला होता. पोच येईपर्यंत सर्व्हर त्याहून जास्त माल रस्त्यावर ठेवूच शकत नाही. आठ मिलिसेकंदांच्या फेरीला ६४ केबी म्हणजे सेकंदाला आठ एमबी, कुणाची तक्रार येणार नाही. २२० मिलिसेकंदांच्या फेरीला तेच ६४ केबी म्हणजे सेकंदाला तीनशे केबीही नाही. चार एमबीचं वाचन उतरायला, सगळं सुरळीत असतानाही, चौदा सेकंद. आणि हे बंधन प्रत्येक जोडणीवर असल्यामुळे बँडविड्थचा मोठा प्लॅन घेऊन काडीचा फरक पडला नव्हता. त्या ओळी काढून टाकल्या. लिनक्सचे मूळ आकडे अंतर पाहून बफर आपोआप वाढवतात, आणि बहुतेकांनी त्यांना हात लावू नये असं माझं मत आहे. गर्दीच्या वेळेसाठी बीबीआर ही पाठवण्याचा वेग ठरवणारी पद्धत लावून पाहिली. ऑडिओला फायदा झाला, पानांना जवळजवळ नाही, कारण पानं तोवर इतकी हलकी झाली होती की त्यात आणखी मिळवण्यासारखं उरलं नव्हतं.

सीडीएनचं काय?

सीडीएन म्हणजे फाइलींच्या प्रती जगभरच्या शहरांत ठेवून तिथूनच पुरवणारी सेवा. बाईंनी हे सुरुवातीलाच विचारलं होतं आणि प्रश्न रास्त होता. चित्रं, फॉन्ट, ध्वनिमुद्रणं अशा न बदलणाऱ्या गोष्टी मुलांच्या जवळच्या शहरातून गेल्या तर उत्तमच, आणि आता तसं केलंही आहे. पण ते आधी केलं असतं तर ब्लॅक होल झाकलं गेलं असतं, भरलं नसतं. सीडीएनच्या टोरांटोतल्या केंद्राला नवी फाइल आणायला शेवटी महापेलाच यावं लागतं, आणि त्याची वाट त्या टनेलमधून गेली तर तेही तसंच अडकणार. मग ‘कधी येतं, कधी नाही’ अशी तक्रार झाली असती, आणि तिचा माग काढणं कितीतरी अवघड गेलं असतं. सर्व्हर अमेरिकेत हलवण्याचा विचार बारगळला. दुबई आणि भारतातल्या घरांना त्याने उलट त्रासच झाला असता.

एक सवय संस्थेच्या प्रोग्रॅमर मुलांना लावली आहे. टेस्ट सर्व्हरवर नेटेम या लिनक्सच्या साधनाने २२० मिलिसेकंदांचा मुद्दाम उशीर घातलेला असतो. नवीन पान तिथे उघडून बघायचं, मगच पुढे पाठवायचं. पहिल्याच दिवशी एका मुलाने स्वतःच्या पानावरच्या एकामागून एक जाणाऱ्या सात मागण्या पाहिल्या आणि कुणी न सांगता त्यांची एक केली.

डेटा सेंटरने फायरवॉल आणि क्लॅम्प दोन्ही बदल केल्यावर आमचा डीफॉल्ट रूट परत १,५०० वर आणला आणि अडकणाऱ्या गठ्ठ्यातल्या प्रत्येक घराकडून तपासून घेतला. शिवाय बाहेरच्या काही ठिकाणांहून आता दर तासाला एक शंभर केबीची फाइल मागवली जाते, फक्त पिंग नाही, कारण पिंगचं छोटं पॅकेट अशा वाटेवरूनही खुशाल जातं आणि सगळं ठीक असल्याचं सांगतं.

न्यू जर्सीतल्या एका शिक्षिकांचा ऑडिओ अजून थांबत वाजतो. त्या ऑफिसच्या लॅपटॉपवरून वर्ग घेतात आणि त्यांच्या कंपनीचं व्हीपीएन सगळा ट्रॅफिक आधी अमेरिकेच्या दुसऱ्या किनाऱ्यावर नेतं. ते आमच्या हातात नाही. त्यांच्यासाठी आठवड्याची वाचनं एका फाइलीत बांधून शनिवारी पाठवतो. त्या ती फाइल रात्री घरच्या नेटवर उतरवून ठेवतात.